कर्करोगाची लागण होते का? : डॉ. कमल रणदिवे यांची उंदीरशाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एक गोष्ट गुपचूप घडते. घरातल्या कुणाला कर्करोगाचे निदान झाले की त्याचे ताट, पेला, तांब्या वेगळे होतात. तोंडाने कुणी काही म्हणत नाही. नातवंडांना आजोबांच्या ताटात जेवू देत नाहीत, अंथरूण ओसरीवर जाते. आजाराच्या वेदनांपेक्षा हे वेगळे झालेले ताट माणसाला जास्त लागते. आता या भीतीला मोबाइलवरच्या अर्धवट बातम्यांचे खतपाणी मिळाले आहे. काही कर्करोगांच्या मुळाशी विषाणू असतो, जठराच्या कर्करोगातही तो सापडतो, हे वाचलेले असते. मग हा रोग लागतच असणार, असा निष्कर्ष निघतो.

या समजुतीचा अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच ती घातक आहे. विषाणू आणि कर्करोग यांचा संबंध आहे. पण तो सर्दी-गोवरासारखा नाही. हा फरक नेमका कुठे आहे, हे शोधण्यात एका मराठी स्त्रीने मुंबईत उंदरांच्या पिढ्यानपिढ्या पाळून आपले बहुतेक आयुष्य घालवले. डॉ. कमल रणदिवे हे नाव पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. विदर्भात तर ते ऐकलेलेही कमीच.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलींच्या शिक्षणाबाबत या घरात तडजोड नव्हती. हुजूरपागेत शाळा झाली. मुलगी हुशार, तेव्हा तिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी घेतली आणि पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाची वाट धरली. १३ मे १९३९ रोजी जयसिंग त्र्यंबक रणदिवे या गणितज्ञाशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. संसार सुरू झाल्यावर चार वर्षांनी, १९४३ साली, त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली. पतीचा या शिक्षणाला मनापासून पाठिंबा होता, आणि त्या काळात ही काही मामुली गोष्ट नव्हती.

एम.एस्सी.चा विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची पेशीजनुकीय रचना. आपल्याकडे टेकड्यांवर सीताफळाला तोटा नाही, पण त्याच्या पेशीतली गुणसूत्रे मोजत बसावे असे कुणाला वाटत नाही. त्या कामाने रणदिवे यांना एक सवय लागली. पेशीचे विभाजन नीट, नियमाने होते तेव्हा ते कसे दिसते, हे डोळ्यांत पक्के बसले. कर्करोग म्हणजे दुसरे काय, तर हेच विभाजन बेशिस्त होणे.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. विकृतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचा दरारा होता. रुग्णाच्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान सांगणे एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. हा माणूस काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हेही ते विचारत. धोतर किंवा लुगडे कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधल्याने त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद त्यांनी केली. तोंडाच्या कर्करोगाचा आणि तंबाखू चघळण्याच्या सवयींचा माग त्यांनी चाळीसच्या दशकातच काढला. अशा गुरूच्या हाताखाली कमल रणदिवे संशोधनाला लागल्या. डॉक्टर नसलेली, शेतकी महाविद्यालयातून आलेली एक तरुण विवाहिता कर्करोगाच्या रुग्णालयात दाखल झाली, ती अशी.

त्या सुमारास कर्करोगाच्या जगात एका उंदराच्या गोष्टीची फार चर्चा होती. अमेरिकेत जॉन बिटनर या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवले होते की, काही वंशांच्या उंदरिणींना हमखास स्तनाचा कर्करोग होतो, कारण त्यांच्या आईच्या दुधातून काहीतरी पिलात जाते. अशा वंशाची पिले जन्मताच निरोगी वंशाच्या उंदरिणीला पाजायला दिली, की मोठेपणी त्यांना कर्करोग होण्याचे प्रमाण एकदम उतरते. दुधातले हे काहीतरी म्हणजे विषाणू होता. पण त्या वेळी विषाणू हा शब्द उच्चारायला खुद्द बिटनरही कचरत असे. कर्करोगाला विषाणूशी जोडणे म्हणजे थट्टेचा विषय होता. म्हणून त्याला नुसता दुधातला घटक असे सावध नाव पडले.

रणदिवे यांनी या प्रश्नात हात घातला. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर खानोलकरांनी त्यांना अमेरिकेला जाण्याचा आग्रह केला. शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

गाय यांची प्रयोगशाळा म्हणजे अर्धी कार्यशाळा होती. शरीराबाहेर, काचेच्या नळीत माणसाच्या पेशी जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या, हे त्यांचे वेड. त्यासाठी पेशींना लागणारे अन्न घरीच बनवावे लागे: कोंबडीच्या रक्तातला द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क, बाळंतपणातल्या नाळेच्या रक्तातला द्रव. नळ्या सतत हळूहळू फिरवणारे चक्र गाय यांनी स्वतः बनवले होते. एवढे करून बहुतेक पेशी काही दिवसांत मरत. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी आल्या आणि त्या मेल्याच नाहीत. हेला या नावाने त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या स्त्रीची संमती कुणी विचारली नव्हती, ही त्या गोष्टीची काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हेला पेशींचा उल्लेख करू नये. या पेशींच्या पोटात काय दडले होते, ते पुढे येईलच.

रणदिवे हे तंत्र शिकून परत आल्या. १९५२ साली खानोलकरांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र, म्हणजे आयसीआरसी, उभे राहिले. रणदिवे तिथे वरिष्ठ संशोधन अधिकारी झाल्या. ऊती संवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. आज तयार द्रवाच्या बाटल्या पुरवठादाराकडून येतात. तेव्हा परदेशी माल मागवायला परकीय चलन नव्हते आणि बोटीने आलेला माल मुंबईच्या उकाड्यात टिकत नव्हता. म्हणून साठच्या दशकाच्या सुरुवातीला रणदिवे यांनी आपल्या सहकाऱ्यांकडून पेशींचे अन्न आणि लागणारी रसायने इथेच तयार करून घेतली. जीवशास्त्राच्या विभागात त्यांनी रसायनशास्त्राची माणसे आणून बसवली. या गोष्टींना पारितोषिके मिळत नाहीत, पण यांच्याशिवाय पुढचे काहीच झाले नसते.

दुसरे मोठे काम उंदीरशाळेचे. शुद्ध वंशाचे उंदीर म्हणजे वीस-वीस पिढ्या भाऊ-बहिणींचे संकर करून मिळवलेले, जवळजवळ एकसारखे प्राणी. एका वंशाला स्तनाचा कर्करोग होतो, दुसऱ्याला रक्ताचा, तिसऱ्याला काहीच नाही. प्रत्येक पिलाचा जन्म, आई, दूध, विण्याच्या खेपा, गाठ कधी आली, मृत्यू कधी, सगळे वहीत. आयसीआरसी याच नावाने ओळखला जाणारा उंदीरवंशही तिथे तयार झाला. त्याच्या अन्ननलिकेतल्या दोषामुळे पुढे अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या अभ्यासाला तो उपयोगी पडला.

या वह्यांतून आणि जगातल्या इतर प्रयोगशाळांतल्या कामातून हळूहळू जे चित्र उभे राहिले, ते वेगळ्या झालेल्या ताटाच्या प्रश्नाशी थेट भिडते. आईच्या दुधातून विषाणू पिलाच्या आतड्यात जातो, तिथून संरक्षक पेशींच्या पाठीवर बसून स्तनात पोहोचतो. इथवर ही लागण आहे. पण विषाणू पोहोचलेल्या प्रत्येक पिलाला गाठ येत नाही. नर पिलांना ती क्वचितच येते. मादीची बीजांडे लहानपणीच काढली तर गाठी फार कमी होतात. वारंवार विणाऱ्या मादीला त्या लवकर येतात. आणि काही वंशांना विषाणू पाजला तरी ते दाद देत नाहीत. म्हणजे विषाणू हवा, तो स्वीकारणारी आनुवंशिकता हवी आणि संप्रेरकांची फूस हवी. तिन्ही जुळले तर गाठ. रणदिवे यांच्या संशोधनाची ओळख आज सांगितली जाते ती याच साखळीसाठी: स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध ज्यांनी लवकर ओळखला आणि विषाणू व संप्रेरके यांचे नाते ज्यांनी तपासले, त्यांपैकी त्या एक.

पुढे या उंदरांच्या विषाणूचे तंत्रही उलगडले. तो स्वतःची जनुके पेशीच्या जनुकांत घुसवून बसतो. स्त्री-संप्रेरके वाढली की त्याची संख्या वाढते. घुसताना तो योगायोगाने वाढीच्या एखाद्या जनुकाशेजारी बसला, तर ते जनुक सतत चालू राहते. जागा चुकली तर काहीच होत नाही. लाखो पेशींत लाखो वेळा फासे टाकले जातात, त्यातला एखादा फासा वाईट पडतो.

मग माणसाच्या स्तनाच्या कर्करोगातही असाच विषाणू असेल का? सत्तरच्या दशकाच्या तोंडावर या प्रश्नाने जग पछाडले होते आणि त्यात मुंबई अग्रभागी होती. पारशी समाजात स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळत असे आणि लग्ने समाजातल्या समाजातच होत. १९७१ साली अमेरिकी आणि मुंबईच्या शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या निबंधात पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण अधिक प्रमाणात सापडल्याचे म्हटले होते. रणदिवे यांच्याच संस्थेतल्या, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ डॉ. सत्यवती शिरसाट त्या निबंधाच्या लेखकांत होत्या. बातमी सनसनाटी होती. पण दिसायला सारखे म्हणजे तेच, असे नसते. माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाचे कारण असा कोणताही विषाणू आजवर निर्विवाद सिद्ध झालेला नाही. आईने बाळाला पाजल्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढत नाही, उलट आईचा स्वतःचा धोका कमी होतो. उंदरांचा निष्कर्ष माणसावर जसाच्या तसा लादू नये, हा धडा त्या काळाने महाग किंमत देऊन शिकवला.

विषाणू पेशीत शिरल्यावर नेमके काय बिघडवतो, याचे उत्तर मात्र रणदिवे यांच्या उमेदीच्या वर्षांत कुणाकडेच नव्हते. ते हेला पेशींच्या पोटात होते. १९८०च्या दशकात जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने दाखवले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो आणि हेला पेशींतही त्याचाच अठरा क्रमांकाचा प्रकार बसलेला आहे. म्हणजे गाय यांच्या फिरत्या नळ्यांत जी पेशी अमर झाली, ती एका विषाणूने अमर केलेली होती.

आपल्या प्रत्येक पेशीत काही प्रथिने रखवालदाराचे काम करतात. त्यांना अर्बुद रोखणारी प्रथिने म्हणतात. त्यातली तीन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत: पी-५३, आरबी आणि पी-१६. पेशीच्या जनुकांना इजा झाली की पी-५३ विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावते. आरबी हा विभाजनाच्या दरवाजाचा अडसर आहे. पी-१६ हा अडसर जागेवर राहील याची काळजी घेते. पी-५३ सापडले १९७९ साली, तेही एका विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले. त्यामुळे दहा वर्षे शास्त्रज्ञ त्यालाच गुन्हेगार समजत होते. १९८९ साली कळले की, तो चोर नसून चोराने पकडून ठेवलेला पहारेकरी आहे. हा शोध लावणाऱ्यांत रणदिवे शिकलेल्या जॉन्स हॉपकिन्सचाच एक गट होता. एचपीव्ही काय करतो, तर एका प्रथिनाने पी-५३चा नाश करवतो आणि दुसऱ्याने आरबीला जखडतो. पहारा उठला की पेशी मोकाट.

जठराच्या कर्करोगात विषाणू वेगळी युक्ती वापरतो. इथला विषाणू आहे एपस्टाईन-बार, म्हणजे ईबीव्ही. १९६४ साली आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या गाठीत तो प्रथम दिसला. १९९०च्या सुमारास जठराच्या गाठींतही तो सापडू लागला. जगभरात जठराच्या दर शंभर कर्करोगांत साधारण नऊ ते दहांच्या पेशींत हा विषाणू असतो. २०१४ साली अमेरिकेतल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने जठराच्या कर्करोगाचे चार प्रकार पाडले, त्यात ईबीव्ही असलेल्या गाठींचा स्वतंत्र प्रकार निघाला. जठराच्या एकूण कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांत पी-५३चे जनुक बिघडलेले असते. ईबीव्हीच्या गाठींत मात्र ते सहसा शाबूत असते. विषाणू त्याच्या वाटेला जात नाही असे नाही, ईबीव्हीचे एक प्रथिन पी-५३ला टिकवून धरणारा आधार पळवते. पण मुख्य घाव पडतो पी-१६वर. त्याच्या जनुकावर रासायनिक खुणा चिकटवून ते बंद केले जाते. जनुक तिथेच असते, मोडलेले नसते, फक्त कुलूपबंद असते. या प्रकारच्या गाठींत शरीराच्या संरक्षक पेशी मोठ्या संख्येने जमलेल्या दिसतात, म्हणून प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी नवी औषधे त्यांच्यावर चालतील का, याकडे आज डॉक्टरांचे लक्ष आहे.

आता ताटाकडे वळू. ईबीव्ही लाळेतून पसरतो, हे खरे. पण जगातल्या दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आधीच आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच, कळतही नाही असा, होऊन गेलेला असतो. आजोबांचे ताट वेगळे करून नातवाला त्यापासून वाचवता येत नाही. आणि तो असलेल्या कोट्यवधी माणसांतल्या अगदी थोड्यांना कर्करोग होतो. बाकीच्यांचे रखवालदार जागे असतात. रणदिवे यांच्या उंदरांनी हेच सांगितले होते, विषाणू एकटा पुरत नाही. शिवाय लागण झालीच तर विषाणूची होते, कर्करोगाची नव्हे. रुग्णाच्या गाठीतली पेशी शेजारच्या माणसाच्या अंगात रुजत नाही. एका ताटात जेवा, अंगाखांद्यावर खेळू द्या, सेवा करा, काही होत नाही. जे विषाणू खरोखर रोखता येतात, त्यांच्याकडे लक्ष द्यावे: यकृताच्या कर्करोगामागच्या कावीळ ब विषाणूची लस बाळाला जन्मल्याबरोबर देतात आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या एचपीव्हीची लस मुलींना वेळेत देता येते. ती आता पुण्यातही तयार होते.

जठराच्या बाबतीत ईबीव्हीपेक्षा मोठा अपराधी एक जिवाणू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ सालीच त्याला कर्करोगकारक ठरवले. तो प्रतिजैविकांनी जातो. पण त्यासाठी माणसाने दाखवायला यावे लागते, आणि आपल्याकडे अडचण तिथेच आहे. पित्त झाले म्हणून औषधाच्या दुकानातून गोळी घ्यायची, सोडा प्यायचा, असे करत वर्ष जाते. चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेले आणि न थांबणारे पित्त, दोन घास खाल्ल्यावर पोट भरणे, वजन उतरणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, कारण न कळता रक्त कमी होणे, यातले काहीही असेल तर दुर्बिणीने जठर तपासून घ्यावे. तपासणी काही मिनिटांची असते.

रणदिवे यांच्या कामाचा आणखी एक भाग आहे, आणि तो यवतमाळच्या प्रत्येक पानठेल्याला लागू आहे. खानोलकरांनी तंबाखूचा माग काढला होता. रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी तपासली. सुपारीचा अर्क उंदरांना टोचून आणि हॅमस्टर या प्राण्याच्या गालातल्या पिशवीत लावून त्यांनी केलेले प्रयोग १९७६ आणि १९७९ साली कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तंबाखू नसतानाही सुपारीने गाठी होऊ शकतात, असे त्यातून दिसले. तेव्हा हे अनेकांना पटले नव्हते. सुपारी तर देवाच्या पूजेत, लग्नाच्या बोलणीत, जेवणानंतरच्या तबकात. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याच जागतिक संस्थेने सुपारीला तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरवले. त्यामागच्या पुराव्यांत मुंबईचे हे प्रयोगही होते. आपल्याकडचा खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिलेला. २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र घोटला जातोच आहे. अनेक तरुण तंबाखू सोडली म्हणून समाधानाने नुसती सुपारी चघळतात. हॅमस्टरच्या गालाने या समाधानाचा निकाल कधीच लावला आहे.

कुष्ठरोगाच्या संशोधनातही त्यांचे नाव आहे, आणि आनंदवन, तपोवन आणि दत्तपूरच्या या मुलखाने ते माहीत करून घ्यायला हवे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, हीच त्या रोगावरच्या लशीची मोठी अडचण. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू काढून ऊती संवर्धनाच्या तंत्राने वाढवला. तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला गेला. तो कुष्ठरोगाचा खरा जंतू नव्हता, त्याचा नातेवाईक होता, हे पुढे स्पष्ट झाले. तरी त्याच्यापासून पुढच्या पिढीने लस बनवली आणि दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिने बऱ्यापैकी संरक्षण दिले. बहुविध औषधोपचाराने रोगच आटोक्यात आल्यावर लशीची गरज मागे पडली. विज्ञानात असेही होते.

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी संस्थेचे संचालकपद कार्यकारी म्हणून सांभाळले. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे नवे विभाग त्यांनी सुरू केले. १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचे रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक त्यांना मिळाले. गंमत अशी की, वैद्यकीय पदवी नसलेल्या स्त्रीला ते मिळाले. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. परदेशात शिकायला गेलेल्या तरुणांनी परत यावे आणि शिकलेले इथे वापरावे, हा त्यांचा आग्रह असे, आणि त्यांनी स्वतः ते करून दाखवले होते.

प्रयोगशाळेत मुली येतात आणि लग्नानंतर, मूल झाल्यानंतर दिसेनाशा होतात, हे त्या वर्षानुवर्षे पाहत होत्या. १९७३ साली काही सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांसोबत त्यांनी भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीला या संघटनेने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवले. नुसते परिसंवाद भरवणाऱ्या संघटना पुष्कळ असतात, पाळणाघर काढणारी विरळा.

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. आयुष्यभर उंदरांची वजने मोजणारी ही शास्त्रज्ञ सह्याद्रीच्या पाड्यांवर मुलांची वजने मोजत होती. पाड्यांवरच्या बायकांशी त्या आरोग्याबद्दल बोलत. आदिवासींच्या रक्ताच्या अभ्यासाचा प्रकल्पही त्यांनी हाती घेतला होता.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांची जुनी संस्था परळहून नवी मुंबईत खारघरला मोठ्या आवारात हलली. तिथे आज पी-५३ आणि पी-१६ यांच्यावर काम करणारी मुले-मुली आहेत, आणि पेशींच्या बाटल्या उबदार कपाटांत वाढत असतात.